तड्याच्या टोकाचं फायनाइट एलिमेंट मॉडेल: पहिलं खात्रीचं उत्तर कसं मिळवायचं

ताणलेल्या पट्टीत धारदार तडा आहे. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने मेश केली, म्हणजे पट्टीचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडले, मॉडेल सोडवलं आणि टोकाच्या नोडवरचा (एलिमेंट जोडणाऱ्या बिंदूवरचा) स्ट्रेस वाचला. आता तिथले एलिमेंट निम्म्या आकाराचे करा. स्ट्रेस साधारण १.४ पट होईल. पुन्हा निम्मे करा, पुन्हा तेवढ्याच पटीने वाढेल. हा आकडा कधीच स्थिरावणार नाही आणि त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. लिनियर इलास्टिक सिद्धांतानुसार धारदार तड्याच्या टोकाशी स्ट्रेस अनंत असतो. टोकापासूनच्या अंतराचं वर्गमूळ काढा. स्ट्रेस त्याच्या व्यस्त प्रमाणात वाढत जातो. तुमची मेश त्या अनंताच्या किती जवळ पोचली, एवढंच त्या आकड्यावरून कळतं.

म्हणून पहिला नियम असा की तड्याच्या टोकाचा स्ट्रेस निकाल म्हणून वाचायचा नाही, त्याची यील्ड स्ट्रेंग्थशी (ज्या स्ट्रेसला धातू कायमचा विकृत व्हायला लागतो तिच्याशी) तुलना करायची नाही आणि तो अहवालात लिहायचा नाही. टोकाभोवतीच्या क्षेत्राची तीव्रता किती आणि तडा पुढे सरकला तर किती ऊर्जा मोकळी होईल, हे दोन प्रश्न विचारायचे. दोन्हींना ठाम उत्तरं आहेत आणि तुलनेने साध्या मेशवरही ती मिळतात.

थोडी पार्श्वभूमी

१९१३ मध्ये इंग्लिस यांनी लंबवर्तुळाकार छिद्राभोवतीचा स्ट्रेस काढला. छिद्र जितकं चपटं, तितका टोकाचा स्ट्रेस मोठा. पूर्ण चपटं झालं की अनंत. हे शब्दशः घेतलं तर कुठल्याही तड्याचा तुकडा नाममात्र भारानेही तुटायला हवा, पण तसं होत नाही. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ग्रिफिथ यांनी काचेवरचे प्रयोग मांडून हिशेब ऊर्जेकडे वळवला: तडा वाढताना मोकळी होणारी ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करायला पुरत असेल, तरच तो वाढतो. १९५७ मध्ये अर्विन यांनी दाखवलं की टोकाजवळच्या स्ट्रेसचा आकार नेहमी ठरलेलाच असतो, बदलते ती फक्त त्याची तीव्रता. त्या तीव्रतेला स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर म्हणतात; इथे तिला 'के' म्हणू. १९६८ मध्ये राइस यांनी जे-इंटिग्रल मांडला; इलास्टिक पदार्थात तो तडा वाढताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेइतकाच असतो, इथे त्याला 'जे' म्हणू. टोकाला वळसा घालणाऱ्या कुठल्याही वाटेवर तो काढला तरी उत्तर एकच येतं. फायनाइट एलिमेंट वापरणाऱ्याला याहून सोयीची गोष्ट मिळणं अवघड आहे, कारण टोकाजवळचा बिघडलेला भाग टाळून दूरच्या, चांगल्या निकालांवरून उत्तर काढता येतं.

लिनियर इलास्टिक पदार्थात, उघडणाऱ्या तड्यासाठी, दोन्हींचं नातं सरळ आहे:

जे = के² ÷ ई′

प्लेन स्ट्रेसमध्ये (जाडीच्या दिशेने स्ट्रेस शून्य) ई′ म्हणजे यंग मॉड्युलस ई, पदार्थाचा ताठरपणा. प्लेन स्ट्रेनमध्ये (जाडीच्या दिशेने स्ट्रेन, म्हणजे विकृती, शून्य) ई′ = ई ÷ (१ − न्यू²), जिथे न्यू हा पॉयसन रेशो, म्हणजे ताणल्यावर आडव्या आकुंचनाचं प्रमाण.

खऱ्या भागाआधी हे एक गणित करा

तुमच्यासमोर कदाचित वेल्डमधला किंवा शाफ्टमधला तडा असेल. तो बाजूला ठेवा. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं एक गणित पूर्ण सोडवल्याशिवाय खऱ्या भागाकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या विषयातल्या चुका मॉडेलच्या चित्रात दिसत नाहीत. रंगीत आलेख सुंदर येतो आणि आकडा दीडपट चुकलेला असतो.

मधोमध तडा असलेली पट्टी घ्या. रुंदी १०० मिमी, उंची ३०० मिमी, तड्याची पूर्ण लांबी ४० मिमी. म्हणजे अर्धी लांबी 'अ' २० मिमी. सूत्रांत नेहमी ही अर्धी लांबीच येते. वर-खाली १०० मेगापास्कल ताण. पोलाद धरू: ई = २,१०,००० मेगापास्कल, न्यू = ०.३. प्लेन स्ट्रेन, जाडी १ मिमी.

हाताने काढलेलं उत्तर:

के = ताण × √(पाय × अ) × √सेक(पाय × अ ÷ रुंदी)

इथे पाय म्हणजे π, सेक म्हणजे सेकंट (१ ÷ कोसाइन). पहिला भाग १०० × √६२.८३ = ७९२.७. सेकंटच्या आतला कोन ३६ अंश, त्यामुळे रुंदीची दुरुस्ती १.११२. म्हणून के = ८८१.३ मेगापास्कल √मिमी. ई′ येतो २,३०,७६९ मेगापास्कल, आणि जे = ३.३७ न्यूटन प्रति मिमी. हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवा.

चतुर्थांश मॉडेल

पट्टी दोन्ही दिशांनी सममित आहे, म्हणून उजवा वरचा चतुर्थांश पुरतो: ५० मिमी रुंद, १५० मिमी उंच. डाव्या कडेवर आडवं विस्थापन शून्य. खालच्या कडेवर मात्र नीट लक्ष द्या. तिथे ० ते २० मिमी हा तड्याचा पृष्ठभाग आहे आणि तो मोकळा राहिला पाहिजे. २० ते ५० मिमी ही तड्यापुढची सलग पट्टी, म्हणजे लिगामेंट. उभं विस्थापन शून्य फक्त इथेच द्यायचं. सगळी खालची कड एका क्लिकमध्ये निवडून बांधली की तडा उरतच नाही, आणि मॉडेल काहीही तक्रार न करता सुटतं. तड्याच्या टोकाचा नोड लिगामेंटमध्ये धरायचा, म्हणजे तोही बांधलेला.

सममिती नसेल आणि पूर्ण पट्टी घ्यावी लागली, तर तड्याच्या दोन्ही पृष्ठभागांना वेगवेगळे नोड लागतात. एकाच जागी दोन नोड असतात, ते एकमेकांना जोडलेले नसतात. जवळचे नोड आपोआप एकत्र करणारी आज्ञा चुकून चालवली तर तडा शिवला जातो. मेश झाल्यावर तड्यावरचे नोड मोजून घ्या.

टोकाभोवतीची मेश

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा आहे.

साधे एलिमेंट विस्थापन सरळ रेषेत किंवा परवलयात बदलतं असं मानतात. टोकाजवळचं खरं विस्थापन अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. ते पकडायला नुसती बारीक मेश लावली तर एलिमेंट भरपूर लागतात. १९७५ मध्ये हेन्शेल आणि शॉ यांनी, आणि १९७६ मध्ये स्वतंत्रपणे बार्सूम यांनी, एक फार देखणा मार्ग दाखवला. आठ नोडचा चौकोनी एलिमेंट घ्यायचा. त्याची एक बाजू मिटवून तिन्ही नोड तड्याच्या टोकावर आणायचे, म्हणजे त्याचा त्रिकोण होतो. मग टोकाकडून निघणाऱ्या दोन्ही बाजूंवरचे मिडसाइड नोड (बाजूच्या मधले नोड) मध्यावरून उचलून टोकापासून पाव अंतरावर ठेवायचे. एवढंच. नवा एलिमेंट लिहावा लागत नाही, प्रोग्रॅम बदलावा लागत नाही.

हे का चालतं ते एका ओळीत पाहू. बाजूची लांबी 'ल' आणि एलिमेंटचा आतला निर्देशांक 'स' उणे १ ते १ असेल, तर पाव अंतरावरच्या नोडमुळे टोकापासूनचं अंतर होतं ल × (१ + स)² ÷ ४. उलटवून पाहिलं तर १ + स हे अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतं. विस्थापन 'स'मध्ये लिहिलेलं असतं, म्हणून त्यात वर्गमूळ आपोआप येतं, आणि स्ट्रेनमध्ये वर्गमुळाचा व्यस्त. हवी ती सिंग्युलॅरिटी, म्हणजे टोकाशी अनंताकडे जाणारं क्षेत्र, नोडच्या जागेतून मिळाली. नोड पाव अंतराच्याही आत सरकवला तर मात्र जेकोबियन (आतल्या निर्देशांकातून खऱ्या जागेत जातानाचा गुणक) ऋण होऊन एलिमेंट उलटतो.

आपल्या गणितासाठी टोकाभोवतीच्या एलिमेंटच्या पहिल्या कड्याची त्रिज्या १ मिमी ठेवा, म्हणजे 'अ'चा विसावा भाग. अर्ध्या वर्तुळात आठ एलिमेंट बसवा, प्रत्येकी २२.५ अंशांचे. त्याबाहेर आठ नोडच्या चौकोनी एलिमेंटची सहा-सात कडी, हळूहळू मोठी होत जाणारी, साधारण ८ मिमी त्रिज्येपर्यंत. दिसायला हे कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. त्यापुढे साधी मेश चालते. टोकाकडून निघणाऱ्या बाजू सरळच हव्यात, वक्र नकोत.

टोकावर मिटवलेल्या तिन्ही नोडचं काय करायचं, हे पदार्थावर ठरतं. इलास्टिक पदार्थात ते एकत्र बांधलेले ठेवायचे. आदर्श प्लास्टिक पदार्थात ते एकाच जागेवरून सुरू होऊन स्वतंत्रपणे सरकू द्यायचे आणि मिडसाइड नोड मध्यावरच ठेवायचे. तिथे स्ट्रेन अंतराच्या थेट व्यस्त प्रमाणात वाढतो. या दोन मांडण्यांची सरमिसळ करू नका.

सॉफ्टवेअरमध्ये हे हाताने करावं लागत नाही. अॅबॅकसमध्ये तडा ठरवताना मिडसाइड नोडचं स्थान ०.२५ द्यायचं असतं आणि मिटवलेली बाजू एका नोडची की अनेक नोडची हे निवडायचं असतं. अॅन्सिसमध्ये जुन्या पद्धतीच्या मेशसाठी टोकाभोवती असे एलिमेंट रचणारी स्वतंत्र आज्ञा आहे. तरीही मेश झाल्यावर तीन नोडचे निर्देशांक प्रत्यक्ष वाचा. टोक (२०, ०) वर असेल तर लिगामेंटवरचा पुढचा नोड (२०.२५, ०) आणि त्यापुढचा (२१, ०) असायला हवा. मधला २०.५ वर दिसला तर तुमची सिंग्युलॅरिटी गेली. मेश सुधारणारी एखादी आज्ञा नंतर चालवली की नोड गुपचूप मध्यावर परततात.

सोडवल्यावर लगेच

के किंवा जे बघण्याआधी दोन गोष्टी तपासा. लिगामेंटवरच्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज करा: १०० मेगापास्कल × ५० मिमी × १ मिमी, म्हणजे ५००० न्यूटन यायला हव्यात. मग विकृत आकार भरपूर मोठा करून पाहा. तडा गोलसर टोकाने उघडलेला दिसला पाहिजे. पृष्ठभाग एकमेकांतून आरपार जात असतील, तर भार तड्याला दाबतो आहे. अशा वेळी येणाऱ्या ऋण 'के'ला अर्थ नसतो. पृष्ठभागांमध्ये कॉन्टॅक्ट द्यावा लागतो.

जे काढणं

आजची सॉफ्टवेअर जे-इंटिग्रल रेषेवर न काढता टोकाभोवतीच्या क्षेत्रावर काढतात. त्यात आकडेमोडीतली चूक बरीच कमी होते. तुम्ही फक्त टोक कुठे आहे, तडा कुठल्या दिशेने वाढेल आणि किती कंटूर (टोकाला वळसा घालणाऱ्या वाटा) हवेत हे सांगायचं. सहा मागा. पहिला कंटूर टोकाच्या एलिमेंटमधून जातो. तो सोडून द्या, दुसराही शंकेनेच पाहा. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे आकडे एकमेकांशी एका टक्क्याच्या आत जुळायला हवेत. ते वाढत किंवा घटत जात असतील तर मेश, तड्याची दिशा किंवा भार यांत काहीतरी चुकलं आहे. तड्याच्या पृष्ठभागावर दाब असेल किंवा तापमानाचे स्ट्रेन असतील, तर जेच्या सूत्रात जादा पदं येतात. सॉफ्टवेअर ती धरतं का हे पाहा, नाहीतर वाटेनुसार उत्तर बदलेल.

जुळलेले कंटूर म्हणजे बरोबर उत्तर नव्हे, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. चुकीच्या गणिताचेही कंटूर छान जुळतात. म्हणून कागदावरचा आकडा.

आकडा जुळत नसेल तर

चूक किती पट आहे, यावरून ती कुठे आहे हे बहुतेक वेळा कळतं.

जे ३.३७ ऐवजी १.६८ आला, तर सॉफ्टवेअरला हे सममित मॉडेल आहे हे सांगितलेलं नाही. त्याने तड्याच्या एकाच बाजूची ऊर्जा मोजली. अॅबॅकस आणि अॅन्सिस दोन्हींत यासाठी सममितीचा पर्याय आहे. यातून काढलेला के ६२३ येतो, म्हणजे √२ ने कमी.

के ८८१ ऐवजी ८४१ आला, तर प्लेन स्ट्रेनच्या जेवरून के काढताना ई′ ऐवजी नुसता ई वापरला गेला.

के २७.९ आला तर चूक काहीच नाही: तो मेगापास्कल √मीटरमध्ये आहे. दोन एककांमध्ये √१०००, म्हणजे ३१.६ पटींचा फरक असतो. मटेरियलच्या तक्त्यांत फ्रॅक्चर टफनेस (ज्या 'के'ला तडा वाढू लागतो ती किंमत) बहुतेक √मीटरमध्ये असते आणि मॉडेल मिलिमीटरमध्ये, त्यामुळे ही गफलत सारखी होते आणि ती धोकादायक आहे.

कागदावरचाच आकडा ७९३ असेल, तर तुम्ही अमर्याद पट्टीचं सूत्र वापरलं, रुंदीची दुरुस्ती राहिली.

आणि के दोन-चार टक्क्यांनीच हुकत असेल, तेव्हा मेशकडे वळा. आधी नाही. मी पाहिलेल्या मॉडेलांत मोठी चूक मेशमुळे क्वचितच असते.

दोन स्वतंत्र पडताळण्या

पहिली विस्थापनावरून. टोकामागे तड्याच्या पृष्ठभागावर पाव अंतरावरच्या नोडचं उभं विस्थापन 'ब' आणि एलिमेंटच्या कोपऱ्याचं 'क' घ्या. मग

के = (ई′ ÷ ४) × √(२ × पाय ÷ ल) × (४ब − क)

आपल्या गणितात ल = १ मिमी, म्हणून ४ब − क सुमारे ०.००६१ मिमी यायला हवं. ही पद्धत जेपेक्षा मेशला जास्त हळवी आहे. काही टक्क्यांचा फरक आला तर घाबरू नका, पण दुपटीचा आला तर थांबा.

दुसरी मला सगळ्यात जास्त भावते, कारण ती थेट ग्रिफिथच्या विचारातून येते आणि तिला कुठलाही खास एलिमेंट लागत नाही. 'अ' १९.९ मिमी आणि २०.१ मिमी धरून दोन मॉडेल चालवा. दोन्हींची एकूण स्ट्रेन ऊर्जा वाचा. भार कायम असताना या दोन ऊर्जांमधला फरक भागिले ०.२ मिमी, त्याची दुप्पट, म्हणजे जे. दुप्पट यासाठी की चतुर्थांश मॉडेलमध्ये तड्याची एकच बाजू आहे. फरक ०.३४ न्यूटन-मिमीच्या आसपास यायला हवा. दोन मोठ्या संख्यांची ही वजाबाकी आहे, त्यामुळे ऊर्जा पुरेशा दशांश स्थळांपर्यंत छापून घ्या आणि दोन्ही मॉडेलांत मेशची रचना सारखीच ठेवा.

इलास्टिक उत्तर कुठवर चालतं

खऱ्या धातूत टोकाशी स्ट्रेस अनंत होत नाही. पदार्थ यील्ड होतो. ते क्षेत्र लहान असेल तरच 'के'वर भिस्त ठेवता येते. यील्ड स्ट्रेंग्थ ५०० मेगापास्कल धरली, तर (के ÷ यील्ड)² = ३.११ मिमी. याला २ × पायने भागलं की अर्विन यांच्या अंदाजानुसार प्लेन स्ट्रेसमधलं यील्डचं अंतर मिळतं, ०.४९ मिमी, प्लेन स्ट्रेनमध्ये त्याचा तिसरा भाग, ०.१६ मिमी. टफनेसच्या चाचण्यांत तड्याची लांबी आणि लिगामेंट (के ÷ यील्ड)² या राशीच्या २.५ पटींहून मोठे असावेत अशी अट असते. इथे ती ७.८ मिमी येते. आपला तडा २० मिमीचा, लिगामेंट ३० मिमीचं. म्हणजे चालेल.

अट मोडत असेल तर इलास्टिक-प्लास्टिक मॉडेल करा आणि के सोडून जे वापरा. प्लेन स्ट्रेनमध्ये पूर्ण इंटिग्रेशनचे एलिमेंट प्लास्टिक अवस्थेत अवाजवी ताठर होतात, म्हणून आठ नोडचे रिड्यूस्ड इंटिग्रेशनवाले (एलिमेंटच्या आत कमी बिंदूंवर हिशेब करणारे) घ्या. एक मर्यादाही पाळा: इथला जे तड्यावरचा भार एकसारखा वाढत असेल तोवरच ग्राह्य असतो. मध्येच भार उतरवला, किंवा तडा बराच वाढला, तर वाटेची स्वतंत्रता उरत नाही.

तिरपा तडा, त्रिमितीय तडा, वाढता तडा

तडा भाराला तिरपा असेल तर तो उघडतो आणि घसरतोही. जे या दोन्हींची एकत्र ऊर्जा सांगतो, वाटणी सांगत नाही. वेगवेगळे के हवे असतील तर इंटरअॅक्शन इंटिग्रल मागा.

त्रिमितीत टोकाच्या जागी रेषा येते आणि तिच्यावरच्या प्रत्येक नोडला स्वतःचा जे असतो. वीस नोडचे ठोकळे मिटवून केलेल्या पाचरी तिच्याभोवती बसवायच्या. तडा जिथे मोकळ्या पृष्ठभागाला मिळतो, तिथे सिंग्युलॅरिटीचं स्वरूपच वेगळं असतं. त्या शेवटच्या नोडवरचा के वापरू नका. आतल्या नोडवरचे आकडे बघा.

तडा वाढवायचा असेल तर हा लेख पुरणार नाही, पण दिशा सांगतो. थर सुटण्याच्या प्रश्नांत, म्हणजे चिकटवलेले जोड किंवा कंपोझिट, तडा कुठून जाणार हे आधीच माहीत असतं. तिथे कोहेसिव्ह एलिमेंट किंवा व्हर्च्युअल क्रॅक क्लोजर घ्या. वाट माहीत नसेल तर एक्स-एफईएम (विस्तारित फायनाइट एलिमेंट पद्धत), जी १९९९ मध्ये बेलिच्को आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आली. तीत तडा एलिमेंटच्या मधून जाऊ शकतो, मेश त्याच्या रेषेला जुळवावी लागत नाही. यातली कुठलीही पद्धत उचलली तरी तडा स्थिर ठेवून वरची पट्टी आधी तिच्यात चालवा. के ८८१च्या जवळ आला की मगच वाढ सुरू करा.